सरांचं टपाली मत

"सर, तुम्हाला कशाला हवंय मत? तुम्ही पेटीचे राखणदार."

रांगेतल्या एका शिक्षकाने पुढे उभ्या असलेल्या सरांना म्हटलं आणि आजूबाजूचे दोघेतिघे हसले.

"राखणदारसुद्धा संध्याकाळी वाडीतून केळ्यांची एक फणी घरी नेतो," सर मागे न वळता म्हणाले. "मला बत्तीस वर्षांत एक केळंही मिळालं नाही."

मी टेबलामागे मान खाली घालून बसले होते. हसू आलं, पण ते मी रजिस्टरातच दडवलं. वसईतल्या एका शाळेचा हॉल होता. बाकं भिंतीला लावून ठेवली होती, फळ्यावर कुणीतरी काढलेला मतदान केंद्राचा नकाशा अजून पुसला नव्हता. विधानसभेची निवडणूक दहा-बारा दिवसांवर आली होती आणि ड्यूटी लागलेल्या शिक्षकांचं, कारकुनांचं दुसरं प्रशिक्षण चालू होतं. हॉलच्या कोपऱ्यात आमचं टेबल होतं. त्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'टपाली मतपत्रिका'.

मी तेव्हा एका बँकेत नुकतीच लागले होते. निवडणुकीसाठी बँकांमधूनही माणसं मागवतात, तसं माझं नाव गेलं आणि मला तहसील कचेरीच्या टपाली मतपत्रिकांच्या कामावर बसवलं गेलं. राहायला आम्ही बोळिंजला होतो. वडील कोकणातले, नोकरी मुंबईची, फ्लॅट विरारचा. शाळा मात्र माझी कॉन्व्हेंटची. घरी मराठी बोलत होते, पण दहा-पंधरा माणसांसमोर उभं राहून मराठीत काही समजावून सांगायचं म्हटलं की माझं वाक्य अर्ध्यावरच अडायचं. इंग्रजीतही फार वेगळं होतं असं नाही. तिथे निदान शब्द तरी चुकत नसत.

हे टपाली मत म्हणजे काय, हे त्या कामावर जाईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. निवडणुकीच्या दिवशी जो दुसऱ्या गावच्या केंद्रावर ड्यूटीला असतो, तो आपल्या गावी मत द्यायला जाऊ शकत नाही. त्याला आधीच कागदी मतपत्रिका मिळते. तिच्याबरोबर एक घोषणापत्र असतं: मीच तो मतदार, ही माझी सही. ती सही एका राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करायची असते. मग पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन मतपत्रिकेवर खूण करायची, ती लहान पाकिटात घालून डिंकाने बंद करायची. ते लहान पाकीट आणि बाहेर सुटं ठेवलेलं घोषणापत्र, दोन्ही मोठ्या पाकिटात. मोठ्या पाकिटावर सही करून ते लोखंडी पेटीत टाकायचं. झालं.

मतमोजणीच्या दिवशी आधी मोठं पाकीट उघडतात. घोषणापत्रावरची सही, साक्षांकन, नंबर जुळला की लहान पाकीट न उघडता वेगळं ठेवतात. अशी सगळी लहान पाकिटं एकत्र झाली, की मगच ती फोडायची. म्हणजे माणूस कोण, हे एका कागदावर राहतं, आणि त्याने कुणाला मत दिलं, हे दुसऱ्या. हे दोन कागद एकमेकांना कधी भेटू द्यायचे नाहीत. मला ही रचना फार आवडली होती. बोलायला न आवडणाऱ्या माणसाला बंद पाकिटं आवडावीत, यात नवल नाही.

आणि आम्ही ती सांभाळायचो जिवापाड. पेटीला दोन कुलपं होती, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. संध्याकाळी पेटीच्या फटीवर कागदाची पट्टी लागायची आणि तिच्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या व्हायच्या. सकाळी पट्टी शाबूत आहे हे त्यांनाच दाखवून ती काढायची. पोस्टाने येणारी पाकिटं वेगळी. लष्करातल्या मुलांची, दूरच्या कुठल्या कुठल्या तळांवरून आलेली, कडा मळलेली. पोस्टमनने गठ्ठा दिला की त्याच्यासमोर मोजायचा, प्रत्येकावर तारीख-वेळ घालायची, रजिस्टरात नंबर चढवायचा आणि दिवस संपण्याआधी कोषागाराच्या खोलीत जमा करायचा. एक पाकीट कमी भरलं तर घरी जायचं नाही, असा नायब तहसीलदार साहेबांचा दंडक होता. माझं रजिस्टर शेवटपर्यंत एकाही नंबराला चुकलं नाही. याचा मला अभिमान होता. आज तो शब्द वापरताना जरा थांबावं लागतं.

प्रशिक्षणाच्या त्या दिवशी टेबलावर माझ्याबरोबर कचेरीतल्या ज्येष्ठ लिपिक होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. ताई सकाळपासून एकच पाढा म्हणत होत्या, दर चार-पाच माणसांमागे, खणखणीत आवाजात: "लहान पाकिटात फक्त मतपत्रिका. घोषणापत्र आत घालाल तर मत बाद. सर, ऐकताय ना? बाई, तुमच्याशीच बोलतेय." कुणी कंटाळून म्हणे, "ताई, आम्ही दुसऱ्यांना शिकवतो हो." त्यावर ताई म्हणत, "शिकवणाऱ्यांचीच तर बाद होतात."

मध्ये एकदा त्यांनी मला म्हटलं, "आता तू सांग, माझा घसा बसला." मी सांगितलं. "हे डिक्लरेशन आहे ना, ते छोट्या एन्व्हलपमध्ये टाकायची नाही." एवढंच. रांगेतल्या, राखणदाराचा विनोद करणाऱ्या त्याच शिक्षकाने शेजारच्याकडे बघत हळूच म्हटलं, "टाकायची नाही. इंग्लिश मिडियम." दुष्टपणे नाही म्हटलं. शिक्षक वर्गात म्हणतात तसं, सवयीने. पण पुढचा तासभर मी फक्त सह्या घेतल्या.

जेवणानंतर ताईंना साहेबांनी दुसऱ्या हॉलमध्ये बोलावलं. जाताना त्या म्हणाल्या, "बोलत राहा. कागदावर लिहिलंय म्हणून वाचतीलच असं नाही. आणि कुणाचं चुकलं तर पेटीत टाकायच्या आधी परत घे, आपण दुसरा संच देऊ शकतो. एकदा आत गेलं की ब्रह्मदेवही काढणार नाही." मी मान हलवली. त्या गेल्यावर मी सूचनांचा छापील कागद टेबलाच्या पुढच्या कडेला सरकवला, त्यावर बोट ठेवलं आणि गप्प बसले. मला वाटलं, हेही सांगणंच आहे.

जेवणासाठी मोडलेली रांग परत लागली होती, आणि सरांचा नंबर आला तो याच वेळात.

ते वसईच्या एका ख्रिस्ती वाडीतले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोक्याला तेल. सही घ्यायला मी रजिस्टर पुढे केलं तेव्हा त्यांनी स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली. काही माणसांना गप्प माणूस दिसला की बोलावंसं वाटतं.

"प्रत्येक वेळी ड्यूटी लागते, बाळ. नोकरी लागली तेव्हापासून. एकदा अर्ज करायचा राहिला. एकदा अर्ज केला तर मतपत्रिका आली निकालाच्या दुसऱ्या दिवशी. एकदा मीच आजारी. आता डिसेंबरात निवृत्त होतो. मग आम्ही दोघं मुलीकडे कॅनडाला. तिने कागद केलेत, कायमचेच. वाडी भावाच्या मुलाकडे सोपवली." त्यांनी सही केली, सावकाश, नावाच्या शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ ओढून. "म्हटलं, यादीतून नाव जायच्या आधी एकदा आपल्या गावातून मत देऊन जावं. बत्तीस वर्षं लोकांना सांगितलं, मत द्या, मत द्या. स्वतःचं कोरंच."

मी त्यांना संच दिला. त्यांनी शेजारच्या टेबलावर अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सही केली, अधिकाऱ्याचा शिक्का घेतला, आडोशामागे गेले आणि मतपत्रिकेची घडी करून बाहेर आले. डिंकाची बाटली माझ्या टेबलावर होती. ते समोरच्या खुर्चीवर बसले.

"डिंक घट्ट झालाय. जरा पाणी घाल यात."

पेटीजवळ उभा असलेला शिपाई अर्नाळ्याचा होता. तो तिथूनच म्हणाला, "पानी घातलं तर चिकटनार नाय, गुरुजी. जरा घासा."

सरांनी बोटाने डिंक घासला. मग घोषणापत्र घेतलं, त्याची नीट चौघडी केली, मतपत्रिकेच्या घडीला लावली आणि दोन्ही मिळून लहान पाकिटात सरकवली. माझ्या डोळ्यांसमोर. वर मला म्हणालेही, "आमची सवय. मतदान संपलं की किती पाकिटं भरतो आम्ही, आणि प्रत्येकात मालाबरोबर सहीचा कागद. नाहीतर उद्या म्हणतील, हे कुणाचं."

हे खरं होतं. केंद्राध्यक्षाने रात्री साहित्य परत करताना पाकिटावर पाकीट भरायचं असतं आणि ज्याचा त्याचा सहीचा हिशेब त्याच पाकिटात घालायचा असतो. बत्तीस वर्षं ते हेच बिनचूक करत आले होते. ज्याने कधी निवडणुकीचं काम केलं नाही, त्याने कदाचित समोरचा कागद वाचला असता.

मी तोंड उघडलं. वाक्य मनात जुळवलं. 'सर, घोषणापत्र बाहेर ठेवायचं असतं.' बाहेर ठेवायचं, ठेवायचा, ठेवायची. घोषणापत्र, ते. ठेवायचं. वाक्य बरोबर होतं. सरांच्या मागे तोच सकाळचा शिक्षक उभा होता, माझ्याकडे नव्हे, घड्याळाकडे बघत. आणि मला आठवलं की मतदाराकडे बघायचं नाही अशी आम्हाला सक्त सूचना आहे. खूण करताना बघायचं नाही, असा त्याचा अर्थ, हे मला पुरतं माहीत होतं. पण त्या क्षणी तो नियम मला फार सोयीचा वाटला. मी पाहिलंच नाही, असं धरलं.

सरांनी पाकिटाची कड अंगठ्याने दाबली. ते मोठ्या पाकिटात घातलं, तेही चिकटवलं, त्यावर तीच लांब रेघेची सही केली. उठले. पेटीपाशी जाऊन लगेच टाकलं नाही. पाकीट हातात धरून त्या शिक्षकाला म्हणाले, "बघ रे, राखणदाराची फणी." तो हसला. शिपाईही हसला. तेवढा वेळ होता. दहा सेकंद असतील, जास्तच. मग पाकीट फटीतून आत पडल्याचा आवाज झाला.

ताई परत आल्यावर त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?"

मी "हो" म्हटलं.

मतमोजणीच्या दिवशी टपाली मतं सर्वांत आधी घेतात. आम्ही सकाळीच हजर होतो. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी वह्या घेऊन बसले होते. कुलपं, पट्ट्या, सह्या, सगळं त्यांना दाखवून झालं आणि कुणीही हरकत घेतली नाही. पेटीतून निघालेली पाकिटं अधिक पोस्टाची पाकिटं, माझ्या रजिस्टरातला आकडा, दोन्ही तंतोतंत जुळले. साहेब मला म्हणाले, "छान ठेवलंय." त्यांनी कुणाला छान म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

साहेब मोठी पाकिटं उघडत होते, ताई घोषणापत्र तपासत होत्या, मी नोंद करत होते. बरीचशी व्यवस्थित होती. मग एक आलं, त्यात नुसतं लहान पाकीट. घोषणापत्र नाही. मी वरच्या सहीकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाची होती. क्षणभर बरं वाटलं, त्याची लाज अजून वाटते. नंतर आणखी एक. आणखी एक. ताई पाकिटांवरचे नंबर बघत होत्या. नंबर एकमेकांच्या जवळचे होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ते सगळे नंबर दुपारच्या जेवणानंतरचे होते, ताई दुसऱ्या हॉलमध्ये असतानाचे. मग त्यांनी पुढचं घोषणापत्र तपासायला घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांचं पाकीट आलं. लांब रेघ. साहेबांनी ते उघडलं, लहान पाकीट बाहेर काढलं, मोठं उलटं करून झटकलं.

"घोषणापत्र नाही."

जाळीपलीकडचा एक प्रतिनिधी म्हणाला, "आतच असेल, साहेब. जाड दिसतंय बघा."

"असेल," साहेब म्हणाले. "पण आत बघायचं तर फोडावं लागेल, आणि घोषणापत्र हातात आल्याशिवाय मला फोडता येत नाही. फोडलं तर कुणाचं मत कुणाला, ते इथे सगळ्यांना दिसेल."

"म्हणजे बाद?"

"बाद."

कुणी वाद घातला नाही. नियम बरोबर होता. मला तर तो आवडलेला होता. साहेबांनी लहान पाकिटावर शेरा मारला, ते परत मोठ्यात घातलं आणि बाजूच्या गठ्ठ्यात ठेवलं. मी रजिस्टरात सरांच्या नंबरापुढे लिहिलं: बाद, घोषणापत्र आढळले नाही. 'आढळले नाही' हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, ते कुठे आहे हे माहीत असताना. इतक्या कुलपांतून, सह्यांतून, पट्ट्यांतून ते पाकीट सुखरूप आलं होतं. कुणी चोरलं नाही, कुणी बदललं नाही. जे व्हायचं ते पेटीत पडायच्या आधीच, माझ्या टेबलावर, झालेलं होतं.

पंधरा दिवसांनी रविवारी मी आईबरोबर वसईच्या बाजारात गेले होते. सर आणि त्यांच्या मिसेस चर्चमधली मिस्सा आटोपून भाजी घेत होते. त्यांनीच मला ओळखलं.

"काय बाळ, आमचं मत लागलं ना कामी?"

मिसेस म्हणाल्या, "अहो, तिला काय विचारता? गुप्त असतं ना ते."

"कुणाला दिलं ते गुप्त. मोजलं की नाही ते नाही."

मी मान हलवली. उभी की आडवी, हे कदाचित बघणाऱ्यावर सोडलं असतं मी, जमलं असतं तर. पण ती होकारार्थीच हलली होती. सरांनी मिसेसकडे पाहिलं, बघ म्हटलं होतं ना, अशा नजरेने. वाटेत आईने विचारलं, "कोण गं ते?" मी म्हटलं, "ड्यूटीवर होते." आईला त्यापुढचं काही सांगितलं नाही. त्यानंतर बरेच रविवार मी वसईच्या बाजारात जायचं टाळलं.

डिसेंबर संपता संपता सर आमच्या बँकेत आले. माझी शाखा त्यांच्या वाडीपासून फार लांब नव्हती, तरी मी त्यांना तिथे कधी पाहिलं नव्हतं. लॉकर परत करायचं होतं, पत्ता बदलायचा फॉर्म भरायचा होता. पुढच्या आठवड्यात ते निघणार होते. बरोबर त्यांचा पुतण्या होता, ज्याच्याकडे वाडी राहणार होती तो. नुकताच शिक्षक म्हणून लागलेला.

माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या ऑफिसरशी सरांची जुनी ओळख होती. सर मोठ्याने म्हणाले, "ही मुलगी माहीत आहे का तुम्हाला? माझं आयुष्यातलं एकमेव मत हिच्या हातून गेलंय."

ऑफिसर म्हणाले, "आमच्या इथे तर हिचा आवाज ऐकायलाही नंबर लावावा लागतो."

सगळे हसले. मीही हसले असेन. फॉर्मवर सरांची सही कुठे हवी, ते मी बोटाने दाखवलं. त्यांनी सही केली आणि पेन बंद करत पुतण्याकडे वळले.

"हिला भेटून ठेव. पुढच्या निवडणुकीला तुझी ड्यूटी लागणारच, सुटका नाही. मी सांगितलंय ना कसं भरायचं ते? सहीचा कागद मतपत्रिकेबरोबर, एकाच पाकिटात. तुझ्या शाळेत नवीन येतील त्यांनाही सांग. नाहीतर ऐन वेळी गोंधळ घालतात लोक."

"हो काका, दोनदा सांगितलंत," पुतण्या म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आम्हाला सगळ्यांना सांगितलंय त्यांनी. आमच्या स्टाफरूममध्ये येऊन, फळ्यावर आकृती काढून."

सर माझ्याकडे बघून हसले. मी होकार द्यावा म्हणून थांबले होते. मागे दोन माणसं उभी होती, ऑफिसर कागदांवर शिक्के मारत ऐकत होते. मान हलवणं एवढंच करायचं होतं, आणि ते मला चांगलं येत होतं. सर आठवड्याने जाणार होते. जिथे जाणार होते तिथे त्यांना हे कधीच कळलं नसतं.

मी उठून उभी राहिले. का, ते ठाऊक नाही, बसूनही सांगता आलं असतं.

"नाही सर," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला आणि शिक्के थांबले. "घोषणापत्र आत घालायचं नाही. ते बाहेर, मोठ्या पाकिटात. तुम्ही आत घातलंत, म्हणून तुमचं पाकीट उघडलंच नाही. तुमचं मत मोजलं गेलं नाही, सर. तुम्ही ते आत घालत होता तेव्हा मी बघत होते, आणि मी बोलले नाही."